मेखित्साच्या अलीकडून

दोन आठवडे इथे काही लिहिलं नाही कारण फोटोंच्या एडिटिंगमध्ये बुडले होते. आज सकाळी शेवटचा लॉट पाठवला आणि आता डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून काढते.

काम होतं बार मित्स्वाचं, म्हणजे ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की करतात त्या विधीचं. येरुशलेमला, कोतेलवर. कोतेल म्हणजे ज्यू लोकांची ती पवित्र भिंत, आपल्याकडे वेस्टर्न वॉल म्हणून जिचे फोटो दिसतात ती. आणि कुटुंब होतं दिमोनाचं, म्हणजे इस्राएलच्या दक्षिणेतल्या वाळवंटी गावचं, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. मीही अलिबागची, आमच्या घरापासून इस्राएल आळी चालत पाच मिनिटांवर, शाळेत जाता येता मागेन अबोथ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, रोज दिसायचं पण आत काय चालतं ते कधी कळलं नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे इस्राएलला आलो त्याला चार वर्षं झाली, आणि आळीतलं माहीत नव्हतं ते इथे येऊन कळायला लागलं.

मुलाच्या आईचा फोन आला तेव्हा तिने हिब्रूत सुरुवात केली. माझं हिब्रू कामापुरतं. मी मराठी आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "अगं मग मराठीतच बोल ना." तिचा जन्म दिमोनाचा, पण घरात आई मराठी बोलते त्यामुळे हिचं मराठी अगदी घरगुती, मधे मधे हिब्रू शब्द. ती म्हणाली की पुरुषांच्या बाजूला फोटोग्राफर ठरवलाय, मला बायकांच्या बाजूला कुणीतरी पाहिजे. मोठ्या मुलाच्या बार मित्स्वाला आठशे फोटो आले होते आणि त्यात माझ्या आईचा एकही नाही, म्हणाली.

आठशेमध्ये एक नाही. हे ऐकल्यावर मी पैशाचं काही बोललेच नाही, आधी हो म्हटलं.

असं होतं कसं ते सांगते. कोतेलला प्रार्थनेच्या जागेचे दोन भाग आहेत, भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, आणि बायकांचा भाग बराच लहान. मधे आडोसा असतो त्याला मेखित्सा म्हणतात. तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचायची ती पुरुषांच्या बाजूला, म्हणजे मुलगा, बाप, मामा, काका, आजोबा सगळे तिकडे. आई, आजी, बहिणी, आत्या इकडे. फोटोग्राफर पुरुष असला की तो तिकडेच अडकतो आणि त्याच्या फोटोत बायका म्हणजे आडोशावरून डोकावणारी काही डोकी. माझ्यासारखी बाई तिकडे जाऊ शकत नाही. या वाटणीवरून इथे खूप वाद आहेत, १९८८ पासून काही ज्यू बायका दर महिन्याच्या सुरुवातीला तिथे जाऊन स्वतः तोरा वाचायचा हक्क मागतायत, आणि भिंतीच्या दक्षिणेकडच्या टोकाला रॉबिन्सन्स आर्चपाशी सगळ्या कुटुंबाला एकत्र उभं राहता येईल अशी वेगळी जागाही आहे. मला विचाराल तर मला तीच जागा आवडते. पण आजींना मोठ्या पटांगणातच करायचं होतं, आणि ते का ते मला नंतर कळलं.

आदल्या संध्याकाळीच दिमोनाला गेले कारण मलिदा होता. बेने इस्राएल लोकांत कुठलंही शुभकार्य असलं की आधी मलिदा करतात, एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे आभार मानायला. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम पिस्ते, आणि ताटात भोवतीनं फळं नि गुलाबाची फुलं. प्रार्थना हिब्रूत, मधेच एखादं गाणं मराठीत, आणि आजी नारळ खवताना शेजारणीला सांगत होत्या की इथला नारळ कोरडा, आपल्याकडच्यासारखं दूध सुटत नाही. मी एका कोपऱ्यात बसून फोटो काढत होते आणि पोह्यांचा वास नाकात जाऊन मला माझ्या आईची इतकी आठवण झाली की जरा वेळ कॅमेरा खाली ठेवला. आपल्याकडच्या कितीजणांना हे माहीत असेल, की नवगावच्या किनाऱ्याला यांचे पूर्वज जहाज फुटून लागले असं हे लोक सांगतात, सात जोडपी वाचली म्हणतात, आणि मग शेकडो वर्षं कोकणात तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावाने शनिवार तेली नाव ठेवलं. गावावरून आडनावं पडली, पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर. दिमोनाच्या एका जिन्यात टपालपेट्यांवर हिब्रूत ही आडनावं लिहिलेली बघितली तेव्हा मी अक्षर अक्षर जुळवून वाचली आणि मग तिथून हलावंसंच वाटेना.

सकाळी साडेपाचला बस निघाली. सोमवार होता. बार मित्स्वा शनिवारीही करतात पण कोतेलला शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी आणि सणाला फोटो काढायला बंदी, म्हणून ज्यांना फोटो हवेत ते सोमवार किंवा गुरुवार धरतात. शनिवारशिवाय आठवड्यात तोरा वाचायचे तेच दोन दिवस. जुन्या काळी ते बाजाराचे वार होते, खेड्यातले लोक गावात यायचे तेव्हाच वाचन ठेवलं म्हणजे सगळ्यांच्या कानावर पडेल असं सांगतात. आपल्या आठवडी बाजारासारखंच की.

पेसाखला, म्हणजे ज्यूंच्या वसंतातल्या मोठ्या सणाला, दोन आठवडे होते त्यामुळे सकाळी चांगलीच थंडी. येरुशलेम डोंगरावर आहे, साडेसातशे मीटरच्या वर, दिमोनाच्या वाळवंटातून आलेल्या बायका नुसत्या पदरावर, आजींनी मात्र गुलाबी रेशमी साडीवर जाड करडा स्वेटर घातला होता, तो काढा म्हणून सुना मागे लागल्या, फोटोत चांगलं दिसणार नाही म्हणून. मी म्हटलं राहू दे, आजी तुम्ही घाला. तो स्वेटर सगळ्या फोटोंत आहे आणि मला तो फार आवडतो.

डंग गेटपाशी उतरलो तर ढोल, शिंग फुंकणारे, चार काठ्यांवर धरलेली झालर लावलेली छत्री, त्याखाली मुलगा. तेरा वर्षांचा, नवा सदरा, नवीन बूट, चेहरा पांढराफटक. त्या सोमवारी आमच्यासारखी आणखी सात आठ कुटुंबं होती, कुणी मोरोक्कोकडची, कुणी जॉर्जियाची, प्रत्येकाचा ढोल वेगळा आणि सगळे एकाच वेळी वाजतायत, त्यात सिक्युरिटीची रांग, बॅगा मशीनमधून, माझ्या तीन लेन्स काढून दाखवा, परत भरा. आत गेल्यावर वाट फुटते. मुलाने मागे वळून आईकडे बघितलं, तिने हाताने जा जा केलं, आणि पुरुष डावीकडे गेले.

आता प्रकाशाचं सांगते कारण कुणाला तिथे फोटो काढायचे असतील तर उपयोगी पडेल. भिंतीचं तोंड पश्चिमेला. म्हणजे सकाळभर सूर्य भिंतीच्या पाठीमागे असतो आणि भिंतीवर थेट ऊन येतं ते दुपार कलल्यावर. भिंत तिथे साधारण एकोणीस मीटर उंच, त्यामुळे सकाळी तिच्या पायथ्याशी उभी असलेली सगळी माणसं सावलीत आणि मागचं पटांगण उन्हात. कॅमेऱ्यावर सोडलंत तर तो पटांगण बघून माणसं काळी करतो, आणि माणसं बघून उजेड वाढवलात तर पांढरे तलित, म्हणजे प्रार्थनेच्या शाली, नुसत्या पांढऱ्या होऊन जातात, त्यांची वीण, पट्टे, काही उरत नाही. मी एक्सपोजर तलितवर धरलं आणि चेहरे नंतर एडिटिंगमध्ये वर आणले. फ्लॅश अजिबात नाही, लोक प्रार्थना करत असतात. आणि खरं तर गरजच पडत नाही कारण येरुशलेमच्या दगडाचा रंग सायीसारखा, उन्हातल्या फरशीवरून जो उजेड परत सावलीत येतो तो इतका मऊ असतो की चेहऱ्यावर कुणी हलकी हळद लावल्यासारखं दिसतं. बायकांच्या बाजूला, जिथे आजी उभ्या होत्या, तिथे तो उजेड सगळ्यात छान पडतो. हे सांगताना मला आनंद होतोय.

भिंतीबद्दलही थोडं. ती देवळाची भिंत नाही, देऊळ ज्या टेकडीवर होतं तिला हेरोद राजाने जो भराव घातला त्याचा बांध आहे ती. देऊळ रोमन लोकांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. खालचे सात थर हेरोदच्या वेळचे, एकेक दगड माणसाच्या छातीएवढा उंच आणि त्याला कडेने कोरलेली चौकट, त्याच्या वरचे थर नंतरच्या राज्यकर्त्यांनी चढवलेले आणि दगड लहान होत जातात. फटींतून केपरची झुडपं लोंबतात. आणि पाकोळ्या! मार्चमध्ये पाकोळ्या आलेल्या असतात, भिंतीच्या भोकांत घरटी करतात, सकाळी अशा किंचाळत जातात डोक्यावरून की रेकॉर्डिंगमध्ये मुलाच्या आवाजाबरोबर त्यांचाही आवाज आहे. खालच्या फटींत चिठ्ठ्या कोंबलेल्या, बोट शिरणार नाही इतक्या. पेसाखच्या आधी त्या सगळ्या काढून नेतात आणि ऑलिव्हच्या डोंगरावर पुरतात, जाळत नाहीत.

पुरुषांनी टेबल मेखित्साला अगदी लागून ठेवलं होतं, हे सगळेच करतात म्हणजे बायकांना दिसतं. बायकांनी प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्या आणि चढल्या. मीही एकीवर. पण एक अडचण झाली जिचा मी विचार केला नव्हता. बेने इस्राएलची पद्धत सेफार्दी, त्यांची तोरा कापडात गुंडाळलेली नसते, लाकडी किंवा चांदीच्या उभ्या पेटीत असते तिला तिक म्हणतात, कपाटासारखी दोन दारं उघडतात आणि ती तशीच उभी ठेवून वाचतात. दारं उघडली आणि मुलाचा चेहरा त्यामागे गेला. मला दिसतायत फक्त केस आणि टोपी. आईलाही तेवढंच. मी हळूच मामाला हाक मारली, "मामा, टेबल जरा तिरकं करता का?" त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, मला वाटलं रागावले, पण दोन मिनिटांनी आशीर्वाद संपल्यावर त्यांनी आणि आणखी एकाने टेबल इतकं अलगद फिरवलं की कुणाला कळलंही नाही, आणि एकदम मुलाचा चेहरा, ओठ, हातातली चांदीची याद, म्हणजे टोकाला इवलासा हात असलेली काडी, सगळं दिसायला लागलं. मुलाची आई माझ्या शेजारी होती, तिने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

आजी खाली उभ्या होत्या. गुडघे दुखतात, वय शहात्तर. खुर्चीवर चढू नका असं सगळ्यांनी आधीच बजावलं होतं. मुलाने वाचायला सुरुवात केली आणि मिनिटभर त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "मला चढवा गो." कुणी ऐकेना तर स्वतःच पाय टाकला खुर्चीवर. मग काय, दोन नाती, सून आणि एक कोण कुठली अनोळखी मोरोक्कन बाई, चौघींनी धरलं. मी तेव्हा माझ्या खुर्चीवरून खाली उतरले. मुलगा वाचतोय तो फोटो तिकडचा फोटोग्राफर काढतोच आहे, मला इकडचा पाहिजे होता. खाली गुडघ्यावर बसले आणि काढला. त्यात आजींचा चेहरा नाहीच. पांढरी प्लास्टिकची खुर्ची, त्यावर त्यांची पावलं, टाचा चपलेतून वर उचललेल्या, गुलाबी काठ, आणि कमरेला नि पोटऱ्यांना धरलेले आठ हात, एकात बांगड्या, एकात घड्याळ, एकावर कालच्या मेंदीचा लाल डाग. वरून आवाज आला, "दिसला." बस एवढंच.

वाचन आठवड्याच्या दिवशी लहान असतं, पटकन होतं. मग बाप एक आशीर्वाद म्हणतो, या मुलाच्या जबाबदारीतून मला मोकळं केलंस म्हणून देवाचे आभार. आता मुलगा आपल्या कर्माला आपण जबाबदार. ते वाक्य आई म्हणत नाही, पण त्या वेळी आईचा चेहरा बघा. तेरा वर्षांचं सगळं एका क्षणात तिथे येऊन जातं. तिचे मी लागोपाठ अकरा फोटो काढले आणि सगळे दिले, एकही काढून टाकवेना.

आणि मग गोळ्या. मऊ जेलीच्या, साखर लावलेल्या, कागदात गुंडाळलेल्या गोळ्यांच्या पिशव्या बायकांनी फोडल्या आणि मेखित्सावरून पुरुषांवर मारा सुरू, आपल्या लग्नातल्या अक्षताच, फक्त नेम धरून. हूऽऽ करून जिभेचा आवाज, मझाल तोव मझाल तोव म्हणजे अभिनंदन, शेजारच्या कुटुंबांच्या बायकाही सामील, लहान पोरं पायांतून घुसून गोळ्या गोळा करतायत. इथे शटर हजारच्या खाली ठेवू नका, गोळी रेघ होऊन जाते. आजींचा खांदा वर जात नाही, त्यांनी मूठ मेखित्साच्या कडेवर ठेवली आणि उघडली. दोन गोळ्या पलीकडे पडल्या, एक कडेवरच राहिली.

नंतर जेवायला बसलो तेव्हा मुलगा आमच्या टेबलावर आला. डाव्या हातावर तेफिलिनचे, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चामडी पेट्यांचे, पट्टे बांधले होते, ते सोडले तरी कोपरापासून मनगटापर्यंत सात वळ उमटलेले, लालसर, कडेला चामड्याची रेघ सुद्धा दिसतेय. आजी त्याला बसवून घेऊन त्या वळांवरून अंगठा फिरवत होत्या, एकेक मोजल्यासारखा, आणि तो "सावता, दाय" म्हणत हसत होता, म्हणजे आजी, पुरे. मला म्हणाल्या, "माझ्या बापाच्या हातावर असेच असायचे. सकाळी कामावर जायला निघाला तरी गेलेले नसायचे."

तिथेच त्यांनी सांगितलं. १९६५ साली सोळाव्या वर्षी इथे आल्या. दर पेसाखला घरात म्हणायचे, पुढच्या वर्षी येरुशलेमला, आणि इथे येऊन बघतात तर कोतेल जॉर्डनच्या हद्दीत, इकडच्यांना जाताच यायचं नाही. अलिबागहून जितकी लांब तितकीच दिमोनाहून लांब. आणि तेव्हा नुकतंच ते सगळं झालेलं, बेने इस्राएल हे पुरते ज्यू आहेत की नाहीत, त्यांच्याशी लग्नं लावायची की नाही यावरून वाद, लोक येरुशलेमला धरणं धरून बसले होते, १९६४ मध्ये ते मान्य झालं. त्यांचे वडील त्या अपमानाबद्दल मरेपर्यंत बोलत राहिले. मग १९६७ च्या युद्धानंतर कापड गिरणीतल्या बायकांबरोबर बसने आल्या आणि भिंतीला हात लावला. वडिलांना चालवत नव्हतं, ते खाली बसूनच राहिले, म्हणाले आता कोण आम्हाला काय विचारणार. म्हणून नातवाचं इथेच करायचं होतं, मोठ्या पटांगणात, सगळ्यांच्या समोर.

हे पटांगणही तेव्हाच झालेलं. आधी तिथे मोरोक्कन मोहल्ला म्हणून अरबांची वस्ती होती, राहती घरं, ती युद्ध संपता संपता पाडली. वर टेकडीवर अल अक्सा मशीद आहे. मी तिथे वाइड लेन्स लावते तेव्हा हे पण माझ्या मनात असतं, ते नसल्यासारखं लिहिणं मला जमणार नाही.

निघताना भिंतीला पाठ करत नाहीत, तोंड तिकडे ठेवूनच मागे मागे चालत येतात. आजींनी एका हाताने नात धरली, दुसऱ्याने मला, आणि आम्ही तिघी उलट्या पावलांनी हळूहळू पटांगणापर्यंत आलो. फरशी उन्हाने गरम व्हायला लागली होती. त्यांनी तेव्हा कुठे स्वेटर काढला.

आज फोटो पोचल्यावर त्यांचा फोन आला. सगळे बघितले, खुर्चीवाला दोनदा बघितला, पण भिंतीवर लावायला त्यांना वळांचा पाहिजे, नातवाचा हात आणि त्यांचा अंगठा. मोठा करून दे म्हणाल्या. मी सांगितलं की मे महिन्यात अलिबागला चाललेय, काय आणू? पोहे आण म्हणाल्या. आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला जा, तिथे एलियाहू हन्नाबीचा टापा आहे, खडकावर रथाच्या चाकांच्या नि घोड्याच्या खुरांच्या खुणा, नवस बोलायला आम्ही जायचो, माझा या पोराचा नवस तिथलाच आहे, शेवटची गेले होते तेव्हा हा पोटात होता. त्याचा फोटो काढ.

मी म्हटलं लगेच व्हॉट्सॲप करते तिथूनच.

"नको," म्हणाल्या, "कागदावर आण."